अमेरिकन लोकांचा इतिहास वसाहतकाळापासून कसा अभ्यासावा: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

अमेरिकेचा इतिहास अभ्यासायला घेणाऱ्या बहुतेकांची वही ४ जुलै १७७६ या तारखेने उघडते. पुढे वॉशिंग्टन, जेफरसन, लिंकन, यादवी युद्ध, दोन महायुद्धं, आणि मध्येच कुठेतरी ‘हा स्थलांतरितांचा देश आहे’ असं एक वाक्य. वही भरते, परीक्षाही पार पडते, पण लोक कुठेच भेटत नाहीत. शेतात कोण राबलं, जमीन कोणाच्या नावावर चढली, कोणाचं मूल जन्मापासूनच दुसऱ्याच्या मालकीचं ठरलं, कोणाचं नाव नोंदवलंच गेलं नाही, या प्रश्नांची उत्तरं राष्ट्राध्यक्षांच्या यादीत नसतात. त्यांची साधनं वेगळी आहेत आणि ती वाचण्याचा क्रमही वेगळा आहे.

एक हिशेब आधी करून घ्या. व्हर्जिनियातलं जेम्सटाउन ही इथली पहिली टिकून राहिलेली इंग्रजी वस्ती, १६०७ ची. तिथून १७७६ पर्यंत १६९ वर्षं होतात आणि १७७६ पासून २०२६ पर्यंत २५०. म्हणजे १७७६ पासून सुरुवात करणारा माणूस इंग्रजी वस्तीच्या काळाचे पाचातले दोन भाग न वाचताच पुढे जातो. गुलामगिरी, जमिनीची मालकी, वंशभेदाचे कायदे या सगळ्याची घडण त्याच दोन भागांत झाली.

या लेखात एकच ठिकाण शेवटपर्यंत धरून ठेवलं आहे: व्हर्जिनियातली नॉर्थॅम्प्टन काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग). चेसापीक उपसागर आणि अटलांटिक महासागर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात ती आहे. तिथलं काउंटी न्यायालयाचं दप्तर १६३२ पासून अखंड टिकून आहे आणि अमेरिकेतल्या अखंड काउंटी-दप्तरांत ते सर्वांत जुनं आहे. तुम्ही दुसरी जागा निवडलीत तरी पायऱ्या याच राहतील.

## १. प्रश्न लहान करा, जागा एकच ठेवा

‘अमेरिकेतली गुलामगिरी’ किंवा ‘अमेरिकन स्त्रियांचा इतिहास’ हे विषय आहेत, प्रश्न नाहीत. प्रश्नात जागा, काळ आणि बदल या तिन्ही गोष्टी यायला हव्यात. आपल्या उदाहरणातला प्रश्न असा: १६५० च्या सुमारास नॉर्थॅम्प्टनमध्ये एखाद्या आफ्रिकी माणसाला जमीन घेता येत होती आणि न्यायालयात फिर्याद मांडता येत होती, १७०५ पर्यंत हे जवळजवळ अशक्य कसं झालं?

जागा निवडताना भावनेपेक्षा दप्तराकडे पाहा. व्हर्जिनियातल्याच कितीतरी काउंट्यांची जुनी कागदपत्रं आगीत आणि यादवी युद्धात गेली आहेत. अशी काउंटी निवडली तर दोन महिने शोधून हाती काही लागणार नाही. व्हर्जिनियाचं राज्य ग्रंथालय कोणत्या काउंटीचं दप्तर किती शिल्लक आहे हे सांगतं. ते पाहिल्याशिवाय जागा पक्की करू नका.

सावधान: ‘तेरा वसाहती’ हा शब्द मनातून काही काळ बाजूला ठेवा. फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन स्पॅनिश लोकांनी १५६५ मध्येच वसवलं होतं. न्यूयॉर्क १६६४ पर्यंत डचांच्या ताब्यात होतं. आजच्या न्यू मेक्सिकोतल्या सांता फे परिसरात प्वेब्लो या मूलनिवासी लोकांनी १६८० मध्ये उठाव करून स्पॅनिश सत्तेला बारा वर्षं हद्दपार केलं. इंग्रजी वसाहतींचा इतिहास हा आजच्या अमेरिकेच्या भूमीवरच्या लोकांच्या इतिहासाचा एक भाग आहे. तुमचा प्रश्न यापैकी कोणत्या भागाचा आहे हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहा.

## २. नकाशा आणि शकावली बनवा, पण हाताने

तयार शकावली उतरवून घेऊ नका. एका उभ्या कागदावर तीन रकाने आखा: तुमची जागा, ती ज्या वसाहतीत किंवा राज्यात आहे ती, आणि बाकीची दुनिया. पहिल्या रकान्यात प्रशासकीय सीमा कधी बदलल्या ते आधी भरा. लोक इथे हमखास चुकतात.

आपल्या उदाहरणात हा संपूर्ण पट्टा १६३४ मध्ये ‘अकोमॅक’ या नावाने एक काउंटी होता. १६४३ मध्ये त्याचं नाव नॉर्थॅम्प्टन झालं. १६६३ मध्ये त्याचे दोन भाग पडले आणि उत्तरेकडच्या भागाला पुन्हा अकोमॅक हे जुनं नाव मिळालं. म्हणजे १६५१ ची एखादी जमीन आजच्या अकोमॅकमध्ये असेल, तरी तिची नोंद नॉर्थॅम्प्टनच्या दप्तरात सापडेल. पालघर तालुक्याचा २०१० चा कागद ठाणे जिल्ह्याच्या दप्तरात शोधावा लागतो, तसंच हे.

तिसरा रकाना थोडक्यात भरा. इंग्लंडमधलं यादवी युद्ध, डच व्यापारी जहाजांची ये-जा, एवढं पुरे. १६७६ मधलं बेकनचं बंड व्हर्जिनियाच्याच गव्हर्नरविरुद्ध झालं, म्हणून ते दुसऱ्या रकान्यात.

पडताळा: शकावलीतल्या पहिल्या रकान्यात पाचपेक्षा कमी नोंदी असतील तर तुम्ही अजून राष्ट्राचाच इतिहास वाचत आहात, जागेचा नाही.

## ३. वाचण्याआधीची अवजारं: तारीख, पैसा, अक्षर

मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रं वाचणाऱ्याला जंत्रीशिवाय पाऊल टाकता येत नाही. अमेरिकेच्या वसाहतकाळालाही जंत्री लागते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींमध्ये १७५२ पर्यंत ज्युलियन पंचांग चालू होतं आणि कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. म्हणजे डिसेंबर १६५४ नंतरचा महिना जानेवारी १६५४ हाच. एखाद्याचं मृत्युपत्र डिसेंबर १६५४ चं आणि मरणोत्तर मालमत्तेची यादी जानेवारी १६५४ ची दिसली की नवशिक्या गोंधळतो आणि ‘नोंद चुकली’ असं लिहून मोकळा होतो. नोंद बरोबरच असते. १ जानेवारी ते २४ मार्च या काळातली प्रत्येक तारीख दोन्ही वर्षं देऊन लिहा: जानेवारी १६५४/५५. सप्टेंबर १७५२ मध्ये पंचांग बदललं तेव्हा २ तारखेनंतर थेट १४ तारीख आली. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म जुन्या पंचांगाने ११ फेब्रुवारी १७३१ चा आणि नव्याने २२ फेब्रुवारी १७३२ चा आहे, तो यामुळेच.

पैशाचा हिशेब साधा आहे: १२ पेन्सचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पाउंड. पण व्हर्जिनियात दंड, मजुरी, कर हे सगळं बऱ्याचदा तंबाखूच्या वजनात चुकतं केलं जाई आणि वजनाचं मापही पाउंडच होतं. ‘तीनशे पाउंड’ दिसलं की पुढचा शब्द वाचल्याशिवाय आकडा वहीत उतरवू नका. तीनशे पाउंड तंबाखू आणि तीनशे पाउंड चलन यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

अक्षराबाबत दोन सूचना. सतराव्या शतकातलं ‘सेक्रेटरी हँड’ हे वळण सरावाशिवाय वाचता येत नाही, म्हणून सुरुवातीला छापील लिप्यंतरं वापरा. नॉर्थॅम्प्टनच्या पहिल्या काही वर्षांच्या दप्तराची अशी लिप्यंतरं उपलब्ध आहेत. दुसरं म्हणजे, अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत छपाईत ‘एस’ हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला आणि मधे लांबट, जवळपास ‘एफ’सारखं छापत. संगणकाने केलेल्या अक्षरवाचनात ते ‘एफ’च होतं. जुन्या वर्तमानपत्रांत ‘सर्व्हंट’ शोधून काही मिळालं नाही तर ‘फर्व्हंट’ शोधा. एवढ्या एका युक्तीने निकालांची संख्या कितीतरी वाढते.

## ४. चौकटीसाठी दोन पुस्तकं, त्याहून जास्त नाही

वसाहतकाळाचं एक विद्यापीठीय पाठ्यपुस्तक आणि तुमच्या जागेवरचा एक प्रबंध किंवा ग्रंथ, एवढंच वाचा. वाचताना मजकुरापेक्षा तळटिपांवर जास्त वेळ घालवा. लेखकाने कोणत्या दप्तरातलं कोणतं पान वापरलं ते टिपून घ्या. तुमच्या पुढच्या वाचनाची यादी तीच.

आणखी पुस्तकं जमवत बसण्याचा मोह होतो. मात्र अस्सल साधनं वाचण्याआधी चार मतं डोक्यात शिरली की कागदात आपल्याला हवं तेच दिसू लागतं.

## ५. आधी कायदा, मग न्यायालयाचं दप्तर

या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी ही आहे, म्हणून इथे घाई करू नका.

व्हर्जिनियाचे जुने कायदे विल्यम वॉलर हेनिंग यांनी संपादित करून १८०९ ते १८२३ या काळात तेरा खंडांत छापले. ते आज मोफत वाचायला मिळतात. त्यांतून आणि मुख्य न्यायालयाच्या निर्णयांतून आपल्या प्रश्नापुरता क्रम असा निघतो:

- १६४०: तीन नोकर पळून जातात आणि पकडले जातात. डच आणि स्कॉटिश नोकरांना वाढीव चार-चार वर्षांची चाकरी मिळते. जॉन पंच या आफ्रिकी माणसाला मात्र आयुष्यभराची. हा कायदा नव्हे, न्यायालयीन निर्णय आहे. वहीत तसंच लिहा.
- १६४३: आफ्रिकी स्त्रियांना करपात्र धरलं जातं. इंग्रज स्त्रियांना धरलं जात नाही.
- १६६२: मूल गुलाम की स्वतंत्र हे आईच्या स्थितीवरून ठरेल.
- १६६७: बाप्तिस्मा घेतल्याने गुलामाची सुटका होणार नाही.
- १६९१: गोऱ्यांचे आफ्रिकी आणि मूलनिवासी लोकांशी विवाह निषिद्ध, गुलामाला मुक्त करायचं तर त्याला सहा महिन्यांत वसाहतीबाहेर पाठवण्याचा खर्च मालकाने करायचा.
- १७०५: हे सगळं एकत्र बांधणारी गुलामांविषयीची संहिता.

आता काउंटीचं दप्तर उघडा आणि एक माणूस शोधा: अँथनी जॉन्सन. १६२४/२५ च्या व्हर्जिनियातल्या शिरगणतीत ‘अँटोनिओ’ नावाचा एक आफ्रिकी माणूस आहे. तो १६२१ मध्ये आल्याचं तिथे नोंदलेलं आहे. हाच पुढचा अँथनी जॉन्सन, असं अभ्यासक सर्वसाधारणपणे मानतात. पण हे अनुमान आहे, आणि तुमच्या टिपणातही ते अनुमान म्हणूनच यायला हवं.

१६५१ मध्ये जॉन्सनच्या नावावर २५० एकर जमीन आहे. एक माणूस वसाहतीत आणला की ५० एकर, असा नियम होता. म्हणजे त्याने पाच जणांना वसाहतीत आणल्याबद्दलचा जमिनीचा हक्क सांगितला. फेब्रुवारी १६५२/५३ मध्ये आगीत नुकसान झालं म्हणून न्यायालय त्याची बायको मेरी आणि दोन मुली यांना कर माफ करतं. १६४३ चा कायदा वाचला नसेल तर ही नोंद निव्वळ दयेची वाटते. वाचला असेल तर कळतं की आफ्रिकी कुटुंबातल्या स्त्रियांवर जो कर इंग्रज कुटुंबातल्या स्त्रियांवर नव्हताच, तो या कुटुंबापुरता उठवला गेला. कायदा आधी का वाचायचा, ते इथे दिसतं.

पुढे मार्च १६५४/५५ मध्ये जॉन केसर नावाच्या आफ्रिकी माणसाचा खटला येतो. केसर म्हणतो, माझी कराराची मुदत कधीच संपली. जॉन्सन म्हणतो, तो जन्मभरासाठी माझा आहे. न्यायालय जॉन्सनच्या बाजूने निकाल देतं. १६६० च्या दशकात जॉन्सन कुटुंब मेरीलंडमध्ये जातं. आणि त्याच्या मृत्यूनंतर, १६७० मध्ये, व्हर्जिनियातली ज्युरी ठरवते की तो ‘निग्रो, आणि म्हणून परका’ होता, सबब त्याची जमीन सरकारजमा होऊ शकते. वीस वर्षांपूर्वी याच वसाहतीने त्याला जमिनीचा पट्टा दिला होता.

एवढ्या चार-पाच नोंदी कायद्यांच्या यादीशेजारी तारखेनुसार मांडल्या की आपल्या प्रश्नाचं उत्तर दिसू लागतं. हक्क एका दिवसात गेले नाहीत. एकेक दार एकेका कायद्याने बंद झालं आणि काही दारं कायदा होण्याआधी न्यायालयातच बंद झाली.

सावधान १: ‘अमेरिकेतला पहिला गुलाममालक कृष्णवर्णीय होता’ हा दावा समाजमाध्यमांवर जोरात फिरतो आणि त्यासाठी केसर खटल्याचाच आधार दिला जातो. जॉन पंचची जन्मठेपेची चाकरी त्याआधीची, १६४० ची आहे आणि त्याचा मालक इंग्रज होता. मॅसॅच्युसेट्सने १६४१ मध्येच गुलामगिरीला कायद्यात जागा दिली होती. एक खटला हाती लागला म्हणून त्यावर ‘पहिला’ हे विशेषण चिकटवू नका.

सावधान २: जमिनीच्या पट्ट्यावर ज्यांची नावं आहेत ते लोक त्याच वर्षी आले असं धरू नका. हे हक्क विकले जात, साठवून ठेवले जात, कधी एकाच माणसावर दोनदा सांगितले जात.

पडताळा: पट्ट्यातलं क्षेत्र भागिले ५०. उत्तर नावांच्या संख्येशी जुळलं नाही तर मूळ पान पुन्हा पाहा.

## ६. जे दिसत नाहीत त्यांची यादी करा

दप्तर वाचून झालं की एक कोरं पान घ्या आणि त्यावर कोणाचा आवाज मिळाला नाही ते लिहा. हे काम कंटाळवाणं वाटतं, म्हणून टाळलं जातं. अर्धवट अभ्यास होतो तो इथेच.

विवाहित स्त्रिया आधी. इंग्रजी कायद्यानुसार लग्नानंतर स्त्रीची मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जाई, तिच्या नावाने करार होत नसे. म्हणून दप्तरात बायका दिसतात त्या विधवा, नोकराणी, साक्षीदार किंवा आरोपी म्हणून. संसार करणारी स्त्री शोधायची तर नवऱ्याच्या मरणोत्तर मालमत्तेची यादी पाहा. चरखा, लोणी घुसळण्याचं भांडं, खाटा किती, गाई किती, यावरून घरात कोण काय करत होतं ते कळतं.

मूलनिवासी लोकांबाबत सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘ते नाहीसे झाले’ असं लिहिणं. नॉर्थॅम्प्टनमध्ये गिंगॅस्किन लोकांसाठी १६४० च्या सुमारास राखून ठेवलेली जमीन होती. आजूबाजूचे गोरे जमीनदार तिच्यावर डोळा ठेवून होते. तिथल्या लोकांनी मुक्त आफ्रिकी लोकांशी सोयरीक केली, म्हणून ते आता ‘इंडियन’ उरले नाहीत असा युक्तिवाद झाला. १८१३ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने ती जमीन वाटून टाकली आणि काही दशकांत ती बहुतेक त्यांच्या हातून गेली. माणसं तिथेच होती. बदलला तो नोंदवहीतला रकाना. एखादा समाज कागदातून गायब झाला की आधी रकान्यांची नावं तपासा.

## ७. मोजणी: जनगणना कशी वाचावी

आकडे मिळाले की पुरावा मिळाला असं वाटतं, आणि म्हणूनच जनगणनेत लोक सर्वांत जास्त फसतात. दर दहा वर्षांनी प्रश्न बदलले आहेत. प्रत्येक फेरीचा कोरा नमुना आधी पाहा.

१७९० ते १८४०. फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव. बाकी सगळे आकडे. पहिल्या जनगणनेत एकूण ३९,२९,२१४ लोक मोजले गेले, त्यांत जवळपास सात लाख गुलाम होते, म्हणजे दर सहा माणसांमागे एकाहून जास्त. ‘कर न भरणारे इंडियन’ मोजले नाहीत. काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकी संसदेतल्या, जागांसाठी गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरत, पण मोजणी पूर्ण माणसांची होई; तक्त्यातल्या आकड्याला पुन्हा तीन-पंचमांशाने गुणणारे अभ्यासक मी पाहिले आहेत. तसं करू नका. व्हर्जिनियाचे १७९० चे मूळ तक्ते आज उपलब्ध नाहीत. त्यांच्या जागी १७८० च्या दशकातल्या करयाद्या वापरतात, आणि करयादी म्हणजे जनगणना नव्हे हे टिपणात नमूद करावं लागतं.

१८५० आणि १८६०. प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय, व्यवसाय, जन्मस्थान. गुलामांचे तक्ते वेगळे असतात. त्यांत मालकाचं नाव असतं आणि त्याखाली वय, लिंग, वर्ण. माणसाचं नाव जवळजवळ कुठेच नाही.

१८७०. गुलामगिरीतून सुटलेल्या बहुतेकांची नावं या जनगणनेत पहिल्यांदा येतात. ती आधीच्या तक्त्यांशी जोडताना ‘आडनाव शेवटच्या मालकाचंच असणार’ असं गृहीत धरू नका. अनेकांनी जुन्या मालकाचं, वडिलांचं किंवा स्वतः निवडलेलं आडनाव घेतलं. मधला पूल म्हणून फ्रीडमेन्स ब्युरोची (गुलामगिरीतून सुटलेल्यांना मदत करणाऱ्या सरकारी खात्याची) १८६५ ते १८७२ ची कागदपत्रं पाहा. व्हर्जिनियात १८६६ मध्ये बनलेल्या, पती-पत्नी म्हणून एकत्र राहणाऱ्या कृष्णवर्णीय जोडप्यांच्या नोंदवह्या जिथे टिकल्या आहेत, तिथे त्या अमूल्य आहेत. कायद्याने ज्यांचं लग्न कधी मानलं नाही, त्यांची कुटुंबं तिथे नावानिशी भेटतात. १८७० मध्ये दक्षिणेत बरेच लोक मोजायचे राहिले, हेही ध्यानात असू द्या.

१८९०. बहुतेक तक्ते १९२१ मध्ये वॉशिंग्टनमधल्या आगीत आणि त्यानंतर नष्ट झाले. १८८० वरून थेट १९०० वर उडी मारावी लागते. ही वीस वर्षं शहर-निर्देशिका आणि राज्यांच्या स्वतंत्र गणनांतून भरा.

१९२० ते १९४०. ‘हिंदू’ हा तेव्हा वंशाचा रकाना होता. पंजाबातले शीख आणि मुसलमानही त्याच रकान्यात नोंदले गेले. कॅलिफोर्नियातल्या ‘हिंदूं’ची संख्या धर्माची संख्या म्हणून वापरू नका.

व्यक्तींची माहिती ७२ वर्षं गोपनीय राहते. १९५० चे तक्ते एप्रिल २०२२ मध्ये खुले झाले. १९६० चे २०३२ मध्ये होतील.

पडताळा: अटलांटिक गुलामव्यापाराच्या जलप्रवासांच्या माहितीकोशानुसार आफ्रिकेतून थेट उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर उतरवलेल्यांची संख्या चार लाखांच्या आत आहे. १८६० च्या जनगणनेत गुलामांची संख्या ३९,५३,७६० आहे. हे दोन आकडे एकमेकांना खोडत नाहीत. मधल्या पिढ्यांत इथेच जन्मलेली मुलं १६६२ च्या त्या कायद्यामुळे आणि इतर ठिकाणच्या तशाच नियमांमुळे जन्मतःच गुलाम ठरत गेली. दोन आकडे जुळत नाहीत असं वाटलं की मधला कायदा शोधा.

## ८. जाहिराती, मुलाखती, प्रवाशांच्या याद्या

पळून गेलेल्यांच्या जाहिराती. ‘व्हर्जिनिया गॅझेट’ १७३६ मध्ये विल्यम्सबर्गला सुरू झालं. पुढे एकाच वेळी याच नावाची दोन-तीन पत्रं निघत होती, म्हणून तारखेबरोबर मुद्रकाचं नावही टिपा. जाहिरात मालकाची असते. माणूस सापडावा अशी त्याची इच्छा असल्यामुळे उंची, कपडे, अंगावरचे व्रण, येणारं काम, बोलण्याची ढब यांचं वर्णन बरंच विश्वासार्ह असतं. तो का पळाला याबद्दल मालक जे सांगतो त्यावर विसंबू नका. ‘बायको अमुक मळ्यावर आहे, तिकडे गेला असावा’ अशा ओळी वेगळ्या काढून ठेवा. कुटुंबं कशी तुटली होती ते त्या सांगतात.

मुलाखती. १९३६ ते १९३८ या काळात सरकारी लेखक-प्रकल्पाने गुलामगिरीतून सुटलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्धांच्या आठवणी लिहून घेतल्या. त्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये मोफत वाचता येतात. वाचण्याआधी चार गोष्टी तपासा: बोलणारा १८६५ मध्ये किती वर्षांचा होता, विचारणारा कोण होता, बोली कोणी आणि कशी लिहिली, आणि मंदीच्या त्या दिवसांत बोलणाऱ्याला सरकारकडून काही मदतीची आशा होती का. बहुतेक राज्यांत विचारणारे गोरे होते, कधी गावातल्या जुन्या मालकांच्याच नात्यातले. व्हर्जिनियात मात्र हॅम्प्टन इन्स्टिट्यूटच्या रॉस्को लुइस यांच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीय मुलाखतकारांचा गट होता. दोन्हीकडच्या पाच-पाच मुलाखती शेजारी ठेवून वाचा. मालकाबद्दलचा सूर कुठे आणि किती बदलतो ते स्वतः पाहा.

प्रवाशांच्या याद्या. तुमचा प्रश्न १८९० नंतरच्या स्थलांतराचा असेल तर न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस आयलंड या तपासणी-केंद्राच्या (१८९२ ते १९५४) याद्या आहेत. ‘तिथल्या अधिकाऱ्यांनी नावं बदलली’ ही गोष्ट घराघरांत सांगितली जाते. पण अधिकारी जहाजाच्या यादीवरूनच तपासणी करत आणि ती यादी प्रवास जिथून सुरू झाला तिथे बनत असे. नाव बदललं असेल तर त्याचा माग नागरिकत्वाच्या अर्जात घ्या. चिनी लोकांसाठी १८८२ च्या बंदीच्या कायद्याने चौकशीच्या फायलींचा ढीग उभा केला. त्यांतली उत्तरं वाचताना ध्यानात ठेवा की १९०६ च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोतल्या जन्मनोंदी जळाल्यानंतर इथेच जन्मल्याचा दावा खोडता येईना, आणि अनेकांना अशा लोकांशी फक्त कागदावर असलेली नाती पाठ करूनच देशात शिरता आलं.

## ९. मराठीतली साधनं, पण योग्य जागी

पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि त्यानंतर देशभर फिरल्या. त्यांचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ १८८९ मध्ये प्रसिद्ध झालं. शाळा, स्त्रियांच्या संस्था, घरकाम, थंडीतली घरं, सगळं त्यात आहे, तेही आपल्या भाषेत. १८८० च्या दशकाचा अभ्यास करणाऱ्या मराठी वाचकाने ते वाचायलाच हवं. फक्त त्यालाही तेच प्रश्न विचारा: त्यांना कोणी बोलावलं, कोणाच्या घरी त्या उतरल्या? सुधारक आणि मद्यपानबंदीच्या चळवळीतल्या स्त्रियांचं वर्तुळ त्यांना जवळून दिसलं. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतावरची स्त्री त्या वर्तुळात नव्हती.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. ती अर्पणपत्रिका अमेरिकेत काय घडलं याचा पुरावा म्हणून वापरू नका. त्या घटनेचा अर्थ पुण्यात कसा लावला गेला, याचा ती पुरावा आहे.

## १०. टिपणं आणि लेखन

प्रत्येक टिपणाला तीन भाग ठेवा: नोंदीतले शब्द जसेच्या तसे, त्यांचा सरळ अर्थ, आणि तुमचा अंदाज, वेगळ्या शाईत. महिन्याभराने टिपण पाहिलं तरी कुठला भाग कागदाचा आणि कुठला तुमचा हे कळलं पाहिजे. खाली दप्तराचं नाव, खंड, पान, जुनी-नवी तारीख आणि ते मूळ पाहिलंत, लिप्यंतर पाहिलंत की दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलंत, हे लिहा. संकेतस्थळाचा पत्ता एकटा पुरेसा नाही. तो उद्या बदलेल, खंड आणि पान बदलणार नाही.

लिहायला बसताना कायद्यांपासून सुरुवात करू नका. अभ्यासात कायदा आधी येतो, लेखनात माणूस. जॉन्सनची २५० एकर जमीन, मेरीची करमाफी, केसरची फिर्याद, मग १६७० चा निकाल, आणि प्रत्येकाशेजारी लागू असलेला कायदा. पहिला खर्डा झाला की ‘लोक’, ‘समाज’, ‘अमेरिकन’ हे शब्द जिथे जिथे आलेत तिथे खूण करा आणि कोणते लोक, कोणत्या वर्षी, कुठले, हे त्याच वाक्यात लिहिता येतं का पाहा. येत नसेल तर त्या वाक्यामागे पुरावा नाही. ते काढून टाका किंवा पुन्हा दप्तराकडे जा.

नवी कागदपत्रं जुनंच सांगू लागली की थांबा आणि हाच प्रश्न दुसऱ्या जागी न्या. सेंट ऑगस्टीन त्यासाठी चांगलं आहे: तिथल्या कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्मा आणि विवाहांच्या नोंदी १५९४ पासून आहेत, आणि १७३८ मध्ये स्पॅनिश अधिकाऱ्यांनी इंग्रजी वसाहतींतून पळून आलेल्या गुलामांसाठी शहराच्या उत्तरेला फोर्ट मोसे ही मुक्त वस्ती वसवली. त्या वर्षी व्हर्जिनियात १७०५ ची संहिता लागू होऊन तेहतीस वर्षं झाली होती. दोन्ही शकावल्या शेजारी ठेवा आणि पहिल्या रकान्यापासून पुन्हा सुरुवात करा.